देवीच्या कानाचा सांधा

भरतने गाठोडं टेबलावर ठेवलं, पण गाठ सोडली नाही. लाल कापडावर दोन्ही पंजे तसेच ठेवून तो समोरच्या यंत्राकडे बघत राहिला.

“भोक पडंल का हिला?” त्याने विचारलं.

आसावरी नाही म्हणाली. भोक पडत नाही, डाग पडत नाही, चटकाही बसत नाही. यंत्राच्या तोंडातून प्रोटॉनचा केसासारखा बारीक झोत निघतो. तो धातूवर पडला की तांबं, जस्त, शिसं, जे काही आत असेल ते आपापले क्ष-किरण बाहेर टाकतं, आणि त्यांवरून मुखवटा कशाचा ओतलाय ते कळतं. हे सगळं तिने त्याला सावकाश सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग गाठ सोडली, पण मुखवटा स्वतःच्याच हाताने यंत्रापुढच्या धारकावर बसवला आणि बसवण्याआधी कपाळाला लावला.

असा प्रवेगक, म्हणजे झोताला वेग देणारं यंत्र, एरवी एखाद्या मोठ्या इमारतीत कायमचा बसवलेला असतो. हा ट्रकमधून हिंडणारा होता. मूर्ती, नाणी, शिक्के जिथे असतील तिथे जाऊन तपासायचे, म्हणून संस्थेने तो बांधला होता आणि आसावरीची मागची दहा-बारा वर्षं त्यात गेली होती. या वेळी तो वडप्याच्या एका गोदामात उभा होता. चोरीच्या मूर्ती परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याचा माल पोलिसांनी पकडला होता आणि तो इथेच सील करून ठेवला होता. पत्र्याच्या भिंतीपलीकडे लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तूंची खोकी चढत-उतरत होती. मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टची पिपाणी दिवसभर वाजत राहायची.

पकडलेल्या मालात एक पितळी मुखवटा होता. डोंगरातल्या उंबरपाड्याची गावदेवी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी चोरीला गेली होती, तिच्या वर्णनाशी तो जुळत होता. रुंद कपाळ, मिटलेले ओठ, आणि डाव्या कानाच्या मुळाशी जोड दिल्याची रेघ. देवी पडून कान तुटला होता आणि तो पुन्हा जोडला होता, हे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं.

पण उंबरपाड्यात देवी नव्हती असंही नाही. चोरीनंतर वर्षभराने जान्या नावाच्या माणसाने एक मुखवटा आणून दिला होता. भिवंडीच्या तांबटाकडून तस्साच नवा ओतून आणला, असं त्याने सांगितलं. देवी त्याच्याच घरी असायची, तोच तिचं करायचा, भिवंडीत नारपोलीच्या लूमवर कामाला तो जाऊन-येऊन असायचा. तेव्हा ती त्यानेच विकली, असं पाड्याने धरलं. त्याने आणलेला मुखवटा ठेवून घेतला. त्याच्याशी मात्र कुणी बोलेना. देवी त्याच्या धाकट्या भावाकडे, किशनकडे गेली. भरत हा किशनचा मुलगा.

आता खरी देवी सापडली म्हटल्यावर पाड्याची बैठक झाली होती. खरी वाजत-गाजत न्यायची आणि जान्याची नदीत सोडायची असं ठरलं होतं. कोर्टाने मात्र दोन्ही तपासा म्हणून सांगितलं.

जान्याची बायको बायडी शटरजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. जान्या जाऊनही काही वर्षं झाली होती. रोज चिंच लावून देवी घासणारी, तिला हातात घेतलेली अशी तीच एक बाई उरली होती, म्हणून पोलिसांनी तिला ओळख पटवायला बोलावलं होतं. दोन दिवसांपूर्वी सील तोडून पकडलेला मुखवटा तिच्यासमोर धरला, तेव्हा तिने डाव्या कानावरून नजर फिरवली आणि हीच, म्हणून सांगितलं. आजही भरतच्या टेम्पोत ती मागे बसून आली होती. पुढे भरतशेजारी किशन होता. तो आत आलाच नाही. बाहेर लाकडी पॅलेटच्या थप्पीवर पाय सोडून बसला.

आसावरीने तिला चहा नेऊन दिला.

“आजी, भीती वाटते का यंत्राची?”

“मला कशाची?” बायडी म्हणाली. “माझा काय हाय आता तेच्यात.”

आसावरी तिच्याजवळच्या खोक्यावर टेकली. प्रितेश, यंत्र सांभाळणारा तिचा सहकारी, आत झोत जुळवत होता. त्याला वेळ लागणार होता. दोघी चहा प्यायल्या. बायडीने तिला कुठली म्हणून विचारलं. इथलीच, भिवंडीची, आसावरी म्हणाली. भिवंडी आपलंच गाव, हे संस्थेत सांगताना तिला सोपं गेलं होतं. मग कुणाकडे उतरणार, असं कुणी विचारलं की बोलणं अडायचं. वडील शिक्षक होते, ते केव्हाच गेले. आई अनसूया गेल्या वर्षी गेली, आणि भाऊ सुश्रुतने तिकडून कॅनडातूनच फ्लॅटचा व्यवहार उरकला. ज्या गावात ती बारावीपर्यंत शिकली, त्या गावाच्या वेशीवरच्या लॉजमध्ये ती आठवडाभर राहत होती. खिडकीखाली रात्रंदिवस ट्रेलर जात. एकदा संध्याकाळी ती बाजारात जाऊन आली. ओळखीचं कुणी भेटलं नाही.

“घरी कोन?” बायडीने विचारलं.

“कुणी नाही.”

“माझ्याही न्हाय,” बायडी म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, आपण काही लपवल्यासारखं वाटून की काय, “पोरगी हाय. ललिता. शेलारला दिलीय. ती येत न्हाय.”

का येत नाही ते आसावरीने विचारलं नव्हतं, तरी बायडीने सांगितलं. बाप गेला तेव्हा आई रडली नाही, याचा पोरीला राग होता. बायडी म्हणाली, रडणार कशी? देव विकणाऱ्या माणसाच्या घरात मी जेवण रांधलं, ताट वाढलं, त्याचं आजारपण काढलं, त्याहून जास्त माझ्याच्याने झालं नाही. तो ओटीवर झोपायचा, मी आत. कामापुरतं बोलायचे. एवढी वर्षं त्याने स्वतःहून एक शब्द सांगितला नाही की मी विकली नाही म्हणून. खोटा माणूसच असा गप्प राहतो.

“त्यांनी आणलेली देवी तुम्ही कधी हातात घेतली नाहीत?”

“न्हाय. बघितलीसुदीक न्हाय नीट. लख्ख नवी व्हती, लांबून दिसली. किशनकडं गेली ती गेली.”

प्रितेशने आतून हाक मारली.

झोत चालू असताना पिवळ्या साखळीच्या आत कुणी थांबायचं नव्हतं. भरत साखळीला लागून उभा राहिला, हात बांधून, देवळात उभा राहावा तसा. यंत्राचा आवाज फारसा नव्हता. पंप घरघरत होता आणि त्याच्यात मधेच एक बारीक टिकटिक. पडद्यावरच्या आलेखात एकेका धातूचं टोक उगवू लागलं. तांबं. जस्त. मग शिसं, बरंचसं. लोखंड, आर्सेनिक, अँटिमनीचा अंश.

आसावरी खुर्ची पुढे ओढून बसली.

पकडलेला मुखवटा तिने आदल्या दिवशीच तपासला होता. त्यावर काळपट जुनाट थर होता, पण थराखालचं पितळ स्वच्छ होतं, अलीकडचं, कारखान्यातल्या जस्ताचं. त्याच्या कानावर सांध्याची रेघ होती. रेघेवर, रेघेच्या वर, रेघेखाली, सगळीकडे धातू एकच लागला. म्हणजे तिथे काही जोडलेलंच नव्हतं. रेघ साच्यातून उतरली होती. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही तपासून होईपर्यंत बोलायचं नाही अशी तिची पद्धत होती, आणि शिवाय तिला वाटलं होतं की दोन्ही नकलाच निघतील आणि खरी देवी कुठल्यातरी परक्या देशात कुणाच्या दिवाणखान्यात असेल.

आता समोर जो धातू दिसत होता, तो त्यातल्या शिसं-आर्सेनिकच्या भेसळीवरून जुन्या ओतकामातला होता.

“कान घे,” ती प्रितेशला म्हणाली.

झोत सरकला. टिकटिक थांबली, पुन्हा सुरू झाली. पडद्यावर तांबं-जस्ताच्या अलीकडे, जिथे आतापर्यंत सपाट होतं तिथे, एक टोक उभं राहिलं. प्रितेशने तिच्याकडे पाहिलं. तिने जागा एक मिलिमीटर सरकवून पुन्हा घ्यायला सांगितली. टोक गेलं. रेघेवर परत आणली, टोक पुन्हा आलं. चांदी.

झोत बंद झाल्यावर ती शटरपाशी गेली. भरतही मागोमाग आला.

“आजी, देवीचा कान कशाने जोडला होता?”

“तांबटानं जोडला.”

“ते खरं. पण जोडताना आत काही घातलं होतं का?”

बायडीने कप खाली ठेवला. सांगताना ती आसावरीकडे बघत नव्हती. ती नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. शिमग्याला देवी नाचवताना पडली. तांबटाने सांगितलं, नुसत्या पितळेने धरणार नाही, चांदी लागेल. पाड्यात चांदी कुणाकडे होती? सासूने पायातला तोडा काढून दिला. वर पितळेचाच रंग चढवला, त्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. कुणाला सांगायचंही नाही, देवीला दिलं ते बोलून दाखवायचं नाही, असं सासूचं म्हणणं.

“मी आन् जान्या, आमाला दोघांनाच म्हाईत. आता तोबी न्हाय,” ती म्हणाली. मग मान वर केली. “तुमी का इचारता?”

आसावरीने उत्तर जुळवायला घेतलं. ती अहवाल लिहिताना जुळवते तसं, आधी काय मोजलं, मग त्यातून काय निघतं. पण बायडी आधीच उठून उभी राहिली होती. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती.

“कोनत्या कानात चांदी हाय?”

“यांनी आज आणलेल्या,” आसावरी म्हणाली. “भरतने आणलेल्या. तीच जुनी आहे, आजी. पोलिसांनी पकडलेली नक्कल आहे. हिच्यावरून साचा घेऊन ओतलेली.”

पलीकडे कुणीतरी खोकी मोजत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. भरतने विचारलं, की जान्याकाका तर नवी आणली म्हणाला होता. आसावरी म्हणाली, ते असं का म्हणाले ते यंत्राला कळत नाही. व्यापाऱ्याने ती तेजाबाने घासून लख्ख केली असेल, नक्कल काढून विकायला ठेवली असेल. एवढं मात्र नक्की, की जी गेली होती तीच परत आली.

“तीच परत आनली,” भरत स्वतःशीच म्हणाला. “आनि आमी ती नदीत सोडनार व्हतो.” तो वळून आत गेला आणि मुखवट्यासमोर पिवळ्या साखळीपाशी जाऊन उभा राहिला. आत जाऊ का, असं त्याने प्रितेशला विचारलं.

बायडीने पदर सारखा केला आणि शटरखालून बाहेर गेली.

आसावरी दारापर्यंत गेली. बाहेर उन्हं डोक्यावरून कलली होती. बायडीला येताना पाहून किशन पॅलेटवरून खाली उतरला. वाळलेला, दाढीचे खुंट पांढरे झालेला माणूस. त्याने टोपी काढून हातात घेतली.

“वयनी, काय निघाला?”

बायडी त्याच्यापासून चार हातांवर थांबली.

“चांदी निघाली.”

किशनला काही कळलं नाही. मग ती म्हणाली, “जुनी हाय. तेनं जुनीच आनली व्हती.”

तो हे ऐकून चकित होईल, काही विचारेल, असं आसावरीला वाटलं. किशनने टोपी दोन्ही हातांत फिरवली. मग खाली मान घातली आणि तशीच ठेवली. बायडी बराच वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. तिचा हात उचलल्यासारखा झाला आणि खाली आला. ती त्याला ओलांडून पुढे गेली आणि टेम्पोपाशी न थांबता गोदामाच्या फाटकाकडे चालू लागली, जिथून हायवेच लागतो.

आसावरी धावत तिच्यापर्यंत पोचली. कुठे निघालात, असं विचारल्यावर बायडीने हाताने दिशा दाखवली. शेलार. चालत जाईन, म्हणाली. आसावरीने प्रितेशला फोन करून पुढचं उरकायला सांगितलं आणि गाडी काढली.

रस्त्यात ट्रेलरच्या रांगा लागलेल्या होत्या. गाडी पावला-पावलाने सरकत होती. बायडी पुढच्या सीटवर कडेला अंग चोरून बसली होती. एकदा ती म्हणाली, “दोन दिवसांमागं मीच सांगितला, ती हीच म्हनून.” आसावरी म्हणाली, ती नक्कल मुद्दाम जुनी दिसावी अशीच केली होती, कुणीही फसलं असतं. बायडीने ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आसावरीने तिला आपल्या आईबद्दल एक-दोन वाक्यं सांगावीत असं मनात आणलं, आणि सांगितली नाहीत. आईच्या शेवटच्या महिन्यांत आसावरीही तिच्याशी कामापुरतंच बोलली होती. औषध घेतलंस का. जेवलीस का. रविवारी फोन करते.

शेलारला पोचल्यावर बायडीला घर लगेच सापडलं नाही. ती इथे एकदाच आली होती. दोन ठिकाणी विचारलं. शेवटी पाण्याच्या टाकीमागे, पत्र्याच्या दाराच्या खोलीपुढे, चाळिशीची एक बाई तांदूळ पाखडत बसलेली दिसली. तिने वर पाहिलं आणि सूप मांडीवर तसंच ठेवलं. उठली नाही.

बायडी तिच्यासमोर उभी राहिली. गाडीत जुळवलेलं सगळं तिच्या तोंडून एकाच दमात बाहेर पडलं, वडप्याचं यंत्र, सासूचा तोडा, भरत, आणि शेवटी, “तुज्या बापानं देव इकला न्हवता. जुनीच देवी परत आनली तेनं.”

ललिताने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मला ठाव हाय,” ती म्हणाली.

“कवापासना?”

“माज्या लग्नापासना. मला घालवायला आला तवा वाटंत सांगितला. काकानं दारूपायी इकली व्हती, भंगारवाल्याला. बाबानं शोधून काढली. वर्षभर तेच्याकडं राबला तिच्यासाठी.” ललिता शांतपणे सांगत होती, पुष्कळदा स्वतःशी म्हटलेलं असावं तसं. “जुनी हाय सांगितली असती, तर कोनाकडना आनली ते सांगावा लागला असता. काकाला पाड्यानं ठेवला नसता. तवा भरत पोटात व्हता.”

बायडीने आधारासाठी हात पुढे केला. तिथे धरायला काही नव्हतं. आसावरीने तिचा दंड धरला. ती खाली बसली, मातीतच.

“आन् मला?” ती म्हणाली. “मला का न्हाय सांगितला? मी काय पाड्यात बोंबलनार व्हते?”

ललिता पहिल्यांदाच नीट तिच्याकडे वळली.

“मीबी हेच बोल्ले तेला. तर म्हनला, ती इचारील तवा सांगीन. रोज वाट बघतो, म्हनला. तू इचारलाच न्हाय, आई.”

शेजारच्या खोलीतून लूमवरून आलेल्या कुणाचा तरी रेडिओ हिंदीत बोलत होता. बायडी मातीकडे बघत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. आसावरीने तिचा दंड सोडला आणि दोन पावलं मागे सरली.

ललिताने सूप खाली ठेवलं. उठून आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आईपुढे धरला. बायडीने तो घेतला नाही. तिने पोरीचं मनगट धरलं आणि तिला आपल्याशेजारी खाली ओढलं.

“मी आता इचारते,” ती म्हणाली. “सांग मला. पैल्यापासना सांग. कशी शोधली तेनं देवी?”

ललिताने तांब्या बाजूला ठेवला आणि सांगायला लागली, की बाबा तेव्हा नारपोलीला रातपाळीला होता. पुढचं आपण ऐकायचं नाही असं आसावरीला वाटलं. ती गाडीत जाऊन बसली. काच वर केली, आणि फोन हातात घेऊन भावाचा, सुश्रुतचा नंबर काढला. कॅनडात आता पहाट होती. तो झोपेत असेल. तिने तरीही लावला.